थांब, अजून उतरेल

चीफकाकांवर लिहायला बसले की आधी राग येतो. मग हसू येतं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं असं आमच्याकडे मानतात. मी नाही मानत. ते हयात होते तेव्हाही मी हेच त्यांच्या तोंडावर बोलले होते, त्यांच्याच पडवीत उभी राहून, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात: “काका, तुमच्या ह्या ‘थांब, उतरेल’पायी काकींचं नुकसान होतंय, आणि ते भरून येणारं नाही!” त्यावर त्यांनी काय करावं? पितळेची घंटा वाजवली. जेवायची वेळ झाली होती.

ती घंटा एका भंगारात निघालेल्या जहाजावरची. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सात. घरात माणसं दोन, एक घंटा वाजवणारे आणि एक काकी. आणि काकी बहुतेक वेळा त्यांच्यापासून चार हातांवर बसलेल्या असायच्या. तरी घंटा वाजायचीच. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या त्या वाडीतली बायकामंडळी त्या घंटेवर कुकर चढवायची.

नाव दत्ताराम शिवलकर. पण ह्या नावानं त्यांना कोणी हाक मारलेली मी फक्त बँकेत ऐकली. बोटीवर चीफ कुक होते म्हणून चीफ, आणि वयानं मोठे म्हणून काका. तीस-एक वर्षं मालवाहू बोटींवर आणि शेवटची काही वर्षं एका मोठ्या प्रवासी जहाजावर, परदेशात. माणूस बुटका, पोट घट्ट, चालणं पाय फाकवून, जसं काही पडवीची फरशी कुठल्याही क्षणी एका बाजूला कलेल. कालवणाची चव डाव्या तळहातावर थेंब घेऊन बघायचे, कधी चमच्यानं नाही. आणि प्रमाण कायम चाळीस माणसांचं. “चाळीस माणसांना मूठभर कोकम,” असं सांगायचे आणि मग दोन माणसांसाठी त्याचा भागाकार काकींनी करायचा.

त्यांचा मुख्य स्वभाव मात्र स्वयंपाकघरात नाही, मासळीबाजारात कळायचा. मी तो पाहिला आहे आणि मला तो तेव्हाच खटकला होता.

मिरकरवाड्याला लोक सकाळी ताजी मासळी घ्यायला धावतात. चीफकाका लोक परतत असताना निघायचे. रिकामी पिशवी पाठीमागे धरून उभे राहायचे, तेही मासळीकडे नाही, समुद्राकडे बघत. “मासळीकडे बघायचं नाय गो. बघितलंस की तिला कळतं तुला हवीय.” ‘तिला’ म्हणजे हमिदाबीला. हमिदाबी त्यांची नेहमीची मासेवाली. ती त्यांना लांबून बघूनच ओरडायची, “आले चीफ! बाजार उठला रे, आवरा!”

पाटीत जे उरलंय त्याचा एक शेवटचा वाटा लावायचा आणि घरी जायचं, ह्या घाईत ती असायची. आणि त्या घाईवर चीफकाका डोळा ठेवून असायचे. दोन बांगडे, मूठभर मांदेली, एक लेप, एक कुठला तरी नाव न सांगता येणारा काटेरी प्राणी, असा तो वाटा. मिळायचा मात्र निम्म्या भावात. घरी येताना त्यांचा चेहरा असा, की आरमार जिंकून आले. आणि खोटं कशाला बोलू, त्या पंचमेळातून ते जे कालवण करायचे ते मी बोटं चाटून खाल्लेलं आहे. पण काकी एकदा सहज म्हणाल्या, “लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आमच्याकडे कधी एका जातीच्या मासळीचं कालवण झालंच नाय.” त्या हसत म्हणाल्या. मी हसले नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती जहाजामुळेच.

आमची ग्राहकांची एक लहान मंडळी आहे. सायकलच्या दुकानाच्या माडीवर एक खोली, एक संगणक, एक कुरकुरणारा प्रिंटर. आम्ही पत्रकं काढतो, बाजारात वाटतो, फसवणूक झालेल्यांचे अर्ज लिहून देतो. पत्रकं लिहिणं माझ्याकडे. त्या वर्षी गणपती उठल्यावर चीफकाका जिना चढून वर आले आणि वर्तमानपत्राचं कात्रण माझ्यासमोर ठेवलं. मुंबईहून सुटणाऱ्या सहलीच्या जहाजाची जाहिरात. निळं पाणी, पांढरं जहाज, टोपी घातलेलं हसरं कुटुंब आणि खाली ठसठशीत आकडा. आकड्याच्या डोक्यावर एक बारीक तारा, आणि त्या ताऱ्याची तळटीप तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत.

“हा तारा काय म्हणतो ते वाच बघू. मला भिंग लावून पण दिसत नाय.”

मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. तो आकडा एका माणसाचा, पण खोली दोघांनी घेतली तरच. खोली बिनखिडकीची. कर वेगळा, बंदराचं शुल्क वेगळं, नोकरांची बक्षिशी वेगळी आणि तीही सक्तीची. मुलं फुकट, पण त्यांचे कर फुकट नाहीत. म्हणजे मोठ्या अक्षरांत जे लिहिलं होतं त्या पैशांत जहाजावर कोणीही, कधीही, कुठेही जाऊ शकत नव्हतं! मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. मथळा होता ‘तारा बघा!’ आणि त्यात शेवटी जाड ठशात मी लिहिलं होतं:

“‘शेवटच्या तीनच खोल्या उरल्या’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. घाई करायला लावणारा दुकानदार तुमचा नाही. थांबा, विचार करा, मग ठरवा.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

चीफकाकांना सहाजणांना न्यायचं होतं. ते स्वतः, काकी, सावर्ड्याला दिलेली लेक मनीषाताई, शाळेत मास्तर असलेले जावई आणि दोन नातवंडं. दिवाळीच्या सुट्टीत. मी सगळ्या खोल्या, तारखा, भाडी काढून त्यांच्यासमोर ठेवली. सहा माणसं म्हणजे शेजारी-शेजारी दोन खोल्या, एकेका खोलीत तिघं. तिसऱ्या माणसाला भाडं कमी लागतं, हाच कुटुंबाचा खरा फायदा. पण तिघांच्या खोल्या जहाजावर मोजक्या, आणि सुट्टीच्या तारखा म्हटल्यावर त्या आधी संपतात. मी म्हटलं, “काका, आज घ्या.”

ते खुर्चीत मागे रेलले. “गो बाय, तू शिकलेली हायस, पण तू गॅलीत, बोटीच्या भटारखान्यात, काम केलेलं नायस. जहाज रिकामी खोली घेऊन सुटत नाय. आमच्या जहाजावर काय व्हायचं? सहा-सहा महिने आधी पैसे भरलेली माणसं एका टेबलाला, आणि जहाज सुटायच्या आठवड्यात निम्म्या पैशांत आलेली दुसऱ्या टेबलाला. सूप दोघांना एकच. थांब, अजून उतरेल.”

उतरलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत भाडं उतरत नसतं, चढतं. तिघांच्या खोल्या आठ दिवसांत गेल्या. मग उरल्या त्या वेगवेगळ्या मजल्यांवर दोघा-दोघांच्या, म्हणजे सहावीतली नात एका मजल्यावर आणि तिची आई दुसऱ्या. मनीषाताईंनी फोनवरच सांगितलं, “बाबा, राहू दे.” चीफकाका मला म्हणाले, “बघितलंस? दिवाळीला सगळे जातात. चूक तारखेत होती, पद्धतीत नाय.”

ह्या माणसाला काय म्हणायचं!

मला तेव्हा वाटत होतं की ही हौस आहे. म्हाताऱ्या माणसाची, जरा कंजूष, निरुपद्रवी हौस. खरं काय आहे ते मला काकींनी सांगितलं, तेही त्यांच्या नकळत.

मी काहीतरी कागद द्यायला गेले होते. चीफकाका बाजारात होते, अर्थातच उशिरा गेलेले. काकी पडवीत बसून कुळीथ निवडत होत्या. निवडत म्हणजे सुपात हात फिरवत होत्या, बोटांनी खडे शोधत होत्या. मी बाजूनं गेले, अगदी त्यांच्या खांद्याजवळून, आणि समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्या दचकल्या.

“अगो, कधी आलीस? बाजूचं हल्ली दिसत नाय मला. समोरचं दिसतं. नळीतून बघितल्यासारखं.”

काचबिंदू होता. डॉक्टरांनी थेंब दिले होते, आणि स्पष्ट सांगितलं होतं की थेंबांनी आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करता येईल, गेलेलं परत येणार नाही. आधी कडा जातात. मग नळी बारीक होत जाते.

काकींनी मला आत नेऊन एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा दाखवला. त्यात चीफकाकांची बोटीवरून आलेली पत्रं. पन्नास तरी असतील. माणूस बोलायला एवढा वाचाळ, पण पत्र बघाल तर दोन ओळी. तारीख, मग “चारी बाजूंना पाणी. बाकी ठीक.” पुढच्या पत्रात पुन्हा तेच. कुठल्या समुद्रात आहेत, काय खाल्लं, कोण भांडलं, काही नाही. चारी बाजूंना पाणी, बाकी ठीक.

“मी समुद्राच्या काठावर जन्मले,” काकी म्हणाल्या, “काठावर लग्न करून आले. पण मला नेहमी एका बाजूचंच पाणी दिसलं. मागे वळलं की नारळ, नाय तर कोणाचं तरी घर. चारी बाजूंना पाणी म्हणजे काय गो? कुठे बघायचं माणसानं? मी ह्यांना म्हटलं होतं, रिटायर झालात की एकदा दाखवा. आता ते दाखवतायत. स्वस्त झालं की.”

त्यांचा आवाज साधा होता. तक्रार नव्हती. माझीच तक्रार उसळली, आणि तेव्हाच मी पडवीत उभी राहून ते सगळं बोलले, जे सुरुवातीला लिहिलं. चीफकाका पिशवी घेऊन नुकतेच फाटकातून येत होते. घंटा वाजवून झाल्यावर त्यांनी मला ताट वाढलं. माझं जेवण होईपर्यंत ते वाढत राहिले. मग तळहात धुऊन समोर बसले.

“तुला वाटतं मी पैशाला चिकट हाय.”

“वाटत नाही. आहात.”

“पैसे हायत माझ्याकडे. तिच्यासाठीच ठेवलेत. पण ऐक. पूर्ण भाडं भरलेला पॅसेंजर जेवायला आला की आम्ही गॅलीत काय करायचो ठाऊक हाय? हसायचो. ‘आला बघ बकरा’ म्हणायचो. वाढणारा स्टुअर्ड येऊन सांगायचा, सोळा नंबरच्या टेबलानं किती भरले आणि सतरा नंबरनं किती. आम्ही कांदे कापता कापता हसायचो. मी पण हसलोय. आता त्या टेबलावर मी तिला घेऊन बसू? आणि आत कोणतरी आमच्यासारखा कांदे कापत हसणार?”

मला आणखी राग आला. मी म्हटलं, “काका, त्यांना हसू दे. काकींना दिसू दे.”

ते म्हणाले, “हं.” त्या ‘हं’चा अर्थ मी होकार असा घेतला.

पुढच्या पावसाळ्यात मी त्यांना स्वतः हाताला धरून नेलं. का पावसाळ्यात, ते सांगते, कारण हे मला सगळ्यांना सांगायचं आहे आणि ते कुठल्याही जाहिरातीत नीट सांगत नाहीत. पावसात मुंबईहून ही जहाजं सुटत नाहीत. तेव्हा कोणाच्या डोक्यात जहाज नसतं, छत्री असते. नेमकं त्याच दिवसांत पुढच्या हिवाळ्याच्या तारखा विकायला निघतात. सगळ्या खोल्या रिकाम्या, शेजारच्या हव्या तर शेजारच्या, तिघांची हवी तर तिघांची, मधल्या मजल्यावर जिथे कमी हलतं तिथे. सुट्टीचे दिवस टाळायचे, शाळेला दोन दिवस दांडी मारायची. तेव्हा घेतलं तर कुटुंबाला खरंच परवडतं. एकट्या-दुकट्यानं खुशाल शेवटच्या आठवड्यात जावं. त्याला काय, पिशवी उचलली की निघाला! सहा माणसांना निघायला सहाजणांची रजा लागते, आणि रत्नागिरीहून मुंबईला जायचं तर रेल्वेची सहा तिकिटं लागतात, तीही आयत्या वेळी मिळत नाहीत.

हे सगळं मी चीफकाकांना पटवलं होतं. हमिदाबीनंही मदत केली. मी मुद्दाम तिच्यासमोर विषय काढला होता. ती पाटी झाडत म्हणाली, “चीफ, शेवटचा वाटा मी तुम्हाला स्वस्त देते, बरोबर? पण कधी त्यात सहा सारखे पापलेट दिलेत? सहा सारखे पायजेत तर माणसाला सकाळी यावं लागतं.”

चीफकाकांनी रिकामी पिशवी पाठीमागून पुढे घेतली. मग म्हणाले, “ही बाई जहाजावर पाहिजे होती.”

तर अशा तयारीनं आम्ही सहलींच्या कचेरीत गेलो. जानेवारी अखेरची तारीख ठरलेली. जावयांनी रजेचं शाळेत बोलून ठेवलेलं. काकींनी नवीन चप्पल घेतलेली, तळाला रबर असलेली, डेकवर घसरू नये म्हणून. टेबलामागे एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं संगणकाचा पडदा बघितला आणि मनापासून, हे मी आज शपथेवर सांगते, अगदी मनापासून म्हणाली, “काका, बरं झालं आज आलात. ह्या दरात तिघांच्या शेवटच्या तीनच खोल्या उरल्यात.”

चीफकाका उठले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, आणि पाकिटातून चार घड्या केलेला कागद. माझं पत्रक. ‘तारा बघा!’ त्यांनी ते त्या मुलीसमोर उलगडलं आणि माझ्या जाड ठशावर बोट ठेवलं. “शेवटच्या तीनच खोल्या. हे बघा. हिनंच लिवलंय. चल गो.”

“काका, बसा!”

“तूच लिवलंस ना, तिथून उठा म्हणून?”

“ते फसवणाऱ्यांबद्दल लिहिलंय! ही खरं सांगतेय!”

“फसवणारा पण असंच सांगतो. मग मी कसं ओळखायचं?”

ती मुलगी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. “पत्रक छान आहे,” ती बिचारी म्हणाली. मला टेबलाखाली जावंसं वाटलं. बाहेर रस्त्यावर, पावसात, एका छत्रीखाली मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, उद्या येऊन भरा. ते म्हणाले, उद्या नक्की. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर सांगितलं, दोन दिवस बघू, घाबरून स्वतःच उतरवतील. दोन दिवसांनी त्या तीन खोल्या नव्हत्या. आणि पुढच्या दराच्या ज्या होत्या, त्यांना चीफकाका हात लावतील हे शक्यच नव्हतं, कारण आता ती तर उघड उघड हार झाली असती.

मी महिनाभर त्यांच्याकडे गेले नाही. सगळं चुकलं ते त्यांचं, असं मी स्वतःला सांगत होते. पण पत्रक माझं होतं. ते मी अजून वाटत होते, त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तरी ते एका बाईच्या डोळ्यांच्या आड आलं होतं. थांबा म्हणायला माझं काय जात होतं? माझ्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. पुढच्या खेपेला मी त्यात चार ओळी घातल्या, कुटुंबानं केव्हा घ्यावं आणि कुणी थांबू नये, त्याच्या. आमच्या मंडळींतले एकजण म्हणाले, ह्यानं पत्रकाची धार कमी झाली. होऊ दे.

मनीषाताई सणाला आल्या तेव्हा भेटल्या. त्या म्हणाल्या, आई आता भिंतीला हात लावून चालते. ताटातला भात समोर असला तर दिसतो, वाटी बाजूला असली तर विचारते, आमटी कुठाय. चीफकाकांनी ताट बदललं होतं. खोलगट, एकच, त्यात सगळं मधोमध. जहाजावर वादळात असंच वाढतात म्हणे.

आणि मग फेब्रुवारीत एका सकाळी ते जिना चढून वर आले. धापा टाकत, आणि चेहरा मिरकरवाड्याहून परतल्यासारखा.

“उतरलं!”

उतरलं होतं. खरंच. तीन दिवसांनी सुटणाऱ्या जहाजावर दोघांची खोली, पहिल्या जाहिरातीपेक्षाही स्वस्त, कर धरून. बरोबर होते ते! भाड्याच्या बाबतीत हा माणूस पहिल्यापासून बरोबर होता, आणि ह्यापेक्षा चीड आणणारी गोष्ट मी आयुष्यात पाहिलेली नाही.

“खिडकी?” मी विचारलं.

“नाय. पण डेक काय कोणाच्या बापाची नाय. दिवसभर वरच बसू.”

“मनीषाताई? मुलं?”

ते टेबलावरचा टाचणीचा डबा सरळ करू लागले. मुलांच्या परीक्षा होत्या. जावयांना रजा नव्हती. रेल्वेत जागा नव्हती. “ती पुढच्या वेळी,” ते म्हणाले. मग खाली बघत, “तिचा डोळा आता थांबणार नाय गो. मला कळतं. मी काय येडा हाय?”

मी भांडले नाही. पैसे भरण्याचं काम तिथंच, माझ्या संगणकावर केलं. ते माझ्या खांद्यावरून बघत होते. शेवटचं बटण दाबायच्या आधी मी थांबले आणि वळून पाहिलं. म्हटलं, आता जर हा माणूस म्हणाला ना!

“दाब, दाब,” ते म्हणाले.

पुढचं सगळं मला मनीषाताईंकडून कळलं. जहाजावर चीफकाका पहिल्याच दिवशी भटारखान्यापर्यंत पोचले, आणि आतल्या पोरांना मूठभर कोकमाचं प्रमाण सांगून आले. कोणी हसलं का, ते मला माहीत नाही. काकींनी परत आल्यावर सगळ्यांना एकच सांगितलं, की पाणी फार होतं. परतताना दोघं थेट सावर्ड्याला लेकीकडे उतरले आणि तिथेच राहिले. मिऱ्याचं घर बंद झालं, घंटा तेवढी तिकडे गेली. पुढच्या पावसाळ्यात चीफकाका तिथेच वारले, जेवायची घंटा वाजवून आत येताना. पुन्हा माझी त्यांची भेट झाली नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जहाजासाठी निघाले त्या दिवशी, हातखंब्याला.

मुंबईची खासगी बस तिथून पकडायची होती. महामार्गाच्या कडेला, ट्रकच्या धुरळ्यात, एका भजीच्या गाडीशेजारी दोघं उभी होती. काकींच्या पायात ती रबरी तळाची चप्पल. चीफकाकांच्या खांद्यावर बोटीवरची जुनी लांब पिशवी आणि अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. बस यायला वेळ होता. मी थर्मासमधून चहा दिला. काकांनी सवयीनं तळहातावर थेंब घेऊन चाखला आणि म्हणाले, “साखर कमी हाय.”

“काकी, खूश ना?” मी विचारलं.

“खूश गो. पण चारी बाजू आता कुठल्या दिसणार मला? एक दिसली तरी पुष्कळ.”

चीफकाकांनी कप माझ्या हातात दिला. “दिसतात. मी सांगतो ना. इकडे ये, सराव करू.” आणि त्या रहदारीत, भजी खाणारे लोक बघत असताना, ते काकींच्या मागे उभे राहिले. दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. “हालायचं नाय. मी फिरवतो. ही पहिली बाजू. काय दिसतं?”

“ट्रक,” काकी म्हणाल्या.

“ट्रक नाय, पाणी समज. बघून घे. घाई नाय. झालं?” त्यांनी काकींना खांद्यांना धरून हळूच पाव वळण वळवलं, पाय फाकवून, जसा काही तो डांबरी रस्ताही हलत होता. “ही दुसरी.”

“हॉटेल. बाहेर कोणीतरी नारळ सोलतोय.”

“पाणी. पुढे.” पुन्हा पाव वळण. “तिसरी.”

“काय नाय. डोंगर कापलेला. लाल लाल.” काकी हसू लागल्या होत्या. “अहो, पुरे. लोक बघतायत.”

“बघू दे. ही शेवटची.”

चौथ्या बाजूला मी उभी होते. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात त्यांचा अर्धा कप. काकींचे डोळे त्या बारीक नळीतून मला शोधत आले आणि माझ्या तोंडावर थांबले. बराच वेळ त्या बघत राहिल्या. त्यांच्या खांद्यामागून चीफकाकाही बघत होते.

“इथे पाणी नाय,” काकी म्हणाल्या. “इथे ही रडतेय.”

“तिला सांग,” चीफकाका म्हणाले, “बाकी ठीक.”